त्याच्यासमोर नाही

आमच्या घराचा राजा येशू होता. हे मी म्हणत नाही, दारातून आत आलं की समोरच्या पितळी पाटीवर तसं कोरलेलंच होतं. पाटीच्या वर त्याची तसबीर. छातीवर उघडं, धगधगतं हृदय, आशीर्वादाला उचललेली दोन बोटं, आणि खोलीत कुठंही उभं राहा, तुमच्याकडेच बघणारे डोळे. खाली लाल दिवा. वीज गेली की सासूबाई तिथं मेणबत्ती लावायच्या. आलागेला आधी त्याच्यासमोर छातीवर क्रूस काढायचा आणि मग आमची विचारपूस करायचा. एवढा मान त्याला आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता.

आणि त्या राजाला एक पडदा होता. पांढऱ्या कापडाचा, कडेनं लाल गुलाब भरलेला, सासूबाईंच्या हातचा. एरवी तो घडी घालून दिव्याच्या फळीवर असायचा. घरात नाचगाणं असलं, पत्ते बसले, बडीशेपेची दारू निघाली, की सासूबाई उठायच्या, स्टूल ओढायच्या, वर चढून तसबिरीवर पडदा टाकायच्या आणि चारी कोपरे सारखे करायच्या. "त्याच्यासमोर नाही," एवढंच म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. देवाची एवढी लाज धरणारी माणसं, नुबिया, तुझं नशीब थोर, असं मी स्वतःलाच म्हणाले होते.

पहिल्या कॉफीच्या हंगामात कळलं, की पडदा आणखी एका कामाला लागतो.

माझा नवरा हिल्दार्दो डोंगरातून कॉफीची पोती आणि माणसं जीपनं खाली आणतो. पवित्र आठवड्यात क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेणाऱ्यांत पहिला मान त्याचा, त्या खांद्याला गाठच आलीय. देवळावरून जाताना जीप भरलेली असो की रिकामी, टोपी काढल्याशिवाय पुढे जाणार नाही. तो ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्याला चव्हाट्यावर तरी आणता येतं. हा मनापासून देवाला मानायचा. तसबीर उघडी असताना त्यानं मला कधी शिवीसुद्धा दिली नाही. एकदा जीपचा आस मोडला त्या दिवशी कालवण खारट झालं. हात उचलला, आणि उचललेला हात तसाच हवेत धरून थांबला, आई पडदा टाकून स्टुलावरून उतरेपर्यंत. मग मारलं.

त्या हवेतल्या हातापेक्षा मला स्टुलाचं भ्या जास्त होतं. फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला की मी हातातलं काम खाली ठेवायची. सासूबाई पडदा टाकायच्या आणि जपमाळ घेऊन आपल्या खोलीत जायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. नंतर मीठपाण्यात भिजवलेलं फडकं घेऊन यायच्या, माझ्या गालावर धरायच्या आणि म्हणायच्या, "पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या सव्वा लाखातलं माझ्या वाट्याला काय आलं ते विचारू नका.

मे महिन्यात एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी आणि माझी सहा वर्षांची मिलेना घरात होतो. जीप दाराशी थांबली आणि तिचं दार ज्या आवाजात आपटलं त्यावरूनच मला कळलं. हिल्दार्दो आत आला. कुणीतरी बाजारात त्याचा पाणउतारा केला होता, ते मला मागाहून कळलं. त्यानं मला एवढंच विचारलं, सकाळी दारात कुणाशी बोलत होतीस? पाववाल्याशी, मी म्हणाले. त्याचा आवाज चढला.

आणि स्टुलाचा आवाज आला.

मिलेना ओढत होती. दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, लक्ष देऊन. वर चढली, टाचा उंचावल्या, पडदा टाकला, आजीसारखे चारी कोपरे सारखे केले आणि आमच्याकडे बघत म्हणाली, "त्याच्यासमोर नाही." मग उतरली आणि आजीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हिल्दार्दोनं हे सगळं पाहिलं. मला वाटलं, आता हा थांबेल. थांबला नाही. पडदा पडला होता ना.

नंतर मी फडकं भिजवत बसले होते, तेव्हा ती माझ्या मांडीला टेकली.

"मम्मी, येशू पप्पांना भितो का गं?"

"का विचारतेस?"

"पप्पा ओरडले की तो लपतो."

मी त्या पोरीला काय सांगणार होते? की तो लपत नाही, आपण त्याला लपवतो? की ज्याला राजा म्हणून भिंतीवर बसवलं, त्याला आम्ही डोळे मिटायची शिकवण देऊन बसवलंय? माझ्या लेकीच्या डोक्यात एवढं पक्कं बसलं होतं, की या घरात पप्पा मोठे आणि देव लहान. माराचं मला जेवढं दुखलं नाही तेवढं ते दुखलं. त्या दिवशी मी ठरवलं, हे बदललं नाही तर पोरीला घेऊन माझ्या बहिणीकडे जायचं. पोरगी अशा घरात मोठी झाली तर पुढे स्वतःच्या घरातही असंच स्टूल ओढेल.

जूनमध्ये येशूच्या पवित्र हृदयाचा सण येतो. दरवर्षी फादर नेवार्दो घरी येतात, घराचा कर्ता तसबिरीसमोर उभा राहून घर पुन्हा येशूच्या हवाली करतो, शेजारपाजार जमतो. आदल्या दिवशी आम्ही सासवासुना मका दळून अरेपा थापत होतो. मी एकदम विचारलं.

"आई, तुम्ही पडदा का टाकता?"

"त्याचा अपमान नको व्हायला."

"अपमान बघितल्यानं होतो, की केल्यानं?"

त्यांचे हात थांबले. "फार बोलायला लागलीस."

"मिलेनानं टाकला मागच्या महिन्यात. तुमच्यासारखाच. चारी कोपरे सारखे करून. आणि मला विचारत होती, येशू पप्पांना भितो का."

तव्यावरची अरेपा करपली तरी सासूबाईंनी ती उलटली नाही. मग खाली बघत म्हणाल्या, "हिल्दार्दोच्या बापासाठी भरला होता मी तो. नाचाबिचासाठी नाही. नाच नंतर आले." जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटायचं, निदान त्याला तरी हे बघायला लागू नये."

"आणि तुम्हाला कोण बघणार होतं, आई?"

त्यांनी करपलेली अरेपा स्वतःच्या ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर भरलं. हिल्दार्दोनं इस्त्रीचा सदरा घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. हिल्दार्दो वाचू लागला, आणि खरं सांगते, त्याचा आवाज भरून आला होता. "प्रभो, या घरावर राज्य कर. आमच्या भाकरीवर, आमच्या झोपेवर, आमच्या शब्दांवर आणि रागावर..."

"पण पप्पा, रागावलं की तो लपतो ना?" मिलेना म्हणाली. खणखणीत आवाजात, शंका विचारतात तशी.

सगळे हसले. फादरही हसले, "लेकरं काय काय बोलतात!" म्हणाले. फक्त समोरच्या घरातली म्हातारी हसली नाही, ती माझ्या गालाकडे बघत होती. आणि सासूबाई हसल्या नाहीत. हिल्दार्दोनं पुढचं वाचून संपवलं, पण कान लाल झाले होते. फादर गुळाचं गरम पाणी पिऊन, चीज खाऊन गेले. हसण्यावारी नेलं म्हणजे त्यांचं काम झालं. मला त्यांचा भयंकर राग आला, अजून येतो.

शेवटचा शेजारी गेल्यावर हिल्दार्दोनं दार लावलं.

"काय शिकवलंस तिला?"

"मी नाही शिकवलं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, पडदा."

सासूबाई खुर्चीतच बसून राहिल्या.

"आई, ऐकू येत नाही का?"

"येतं. तू मघाशी वाचलंस तेही ऐकलं. राज्य कर म्हणालास त्याला." त्यांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. "राजाला असं कोंबड्यांसारखं हाकलता येत नाही रे. जे करायचं ते त्याच्यासमोर कर. मी पण बसलेय इथं."

"पडदा कुठाय?"

"चुलीत."

त्यानं फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. मग त्यानं स्वतःच स्टूल ओढलं. मी मिलेनाला मागं घेतलं. तो वर चढला, तसबीर भिंतीकडे फिरवायला चौकटीला दोन्ही हात लावले, आणि तसाच राहिला. त्याचं तोंड येशूच्या तोंडासमोर आलं होतं, आपण आरशात बघतो तेवढ्या अंतरावर. चौकट भिंतीवर खडखडत होती. मी मनात म्हणत होते, फिरवू नको, हिल्दार्दो, देवासाठी फिरवू नको. माझ्यासाठी म्हणत नव्हते. मार मला नवा नव्हता. फिरवली असती तर मिलेनाला तिचं उत्तर मिळालं असतं.

त्यानं हात सोडले. खाली उतरून स्टुलाला अशी लाथ मारली की त्याचा पाय मोडला. दार उघडलं आणि गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या दिवशी येशू जिंकला असं मी म्हणणार नाही. त्याला घराबाहेर काढलं गेलं नाही, एवढंच झालं. एका दुपारच्या भरवशावर लेकीला तिथं ठेवायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधलं. सासूबाईंना म्हणाले, तुम्हीही चला.

"मी कुठं येऊ? इथं कुणीतरी लागेल," त्या तसबिरीकडे बघत म्हणाल्या. "कुणी दुसरा पडदा शिवला तर?" मग मिलेनाचा मुका घेतला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या.

आता आम्ही बहिणीकडे असतो, खालच्या गावात. सासूबाई बसवाल्याच्या हाती अरेपा धाडतात आणि निरोपही. हिल्दार्दो आता पुढच्या खोलीत जेवत नाही म्हणे. ताट घेऊन स्वयंपाकघरात जातो, उभ्यानं खातो आणि बाहेर पडतो. दर रविवारी देवळातली मिस्सा झाली की तो मला न्यायला इथं येतो. टोपी हातात, फाटकापाशी उभा. मारणार नाही म्हणतो. शपथ घेतो म्हणतो. मी दारातूनच सांगते, "आत ये. शपथ आत येऊन घे."

माझ्या बहिणीच्या घरातही दारासमोरच तसबीर आहे. तीच दोन बोटं, तेच डोळे. पडदा नाही.

हिल्दार्दो फाटकाची कडी काढतो, पुन्हा लावतो. अंगणात पाऊल टाकतो, दारातून आत बघतो आणि थांबतो. माझा जीव तुटतो, खोटं कशाला बोलू, माझाच नवरा आहे तो. पण मी पुढे होत नाही. मग तो भिंतीआड सरकतो, आतून दिसणार नाही असा, आणि तिथूनच बोलत राहतो.

मागच्या रविवारी मिलेना खिडकीत उभी राहून हे सगळं बघत होती. एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा बाहेर, आणि माझा झगा ओढून हळूच म्हणाली, "मम्मी, आता पप्पा लपतात."

मी तिला जवळ घेतलं. दार मात्र उघडंच ठेवलं.