निळ्या कॅसेटमधील निद्रा

जपणे आणि अडवून ठेवणे ह्या दोन क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत मूठ मिटलेली असते, दोन्हींत नजर सावध असते आणि दोन्हींना लोक प्रेम हेच नाव देतात. त्यांतील भेद फक्त मुठीतल्या वस्तूला कळत असतो. परंतु तिला वाचा नसते. म्हणून ज्याची मूठ, त्यालाच तो भेद कधीतरी ओळखावा लागतो. फार उशीर होण्याआधी ओळखता आला, तर ते त्याचे भाग्य समजावे.

ज्या गृहस्थांची ही गोष्ट आहे, त्यांनी जन्मभर बिघडलेली यंत्रे दुरुस्त केली. आरंभी रेडिओ, पुढे टीव्ही आणि सरतेशेवटी व्हिडिओ गेम. वयोमानाने हाताला कंप सुटला तेव्हा त्यांनी दुकान बंद केले. तरी जुन्या खेळांचे शौकीन त्यांचा पत्ता काढीत घरी येत राहिले. कोणी मुके झालेले यंत्र आणी, कोणी चित्र न उमटणारी खेळाची कॅसेट. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे टेबल होते आणि टेबलासमोर काचेचे कपाट. येणारा प्रत्येक जण आधी कपाटापुढे थबके. "काका, हे देणार का?" असे विचारल्यावाचून राहवत नसे, आणि काकांचे उत्तर ठरलेले असे : "बघायला मज्जाव नाही. हात लावायला आहे."

कपाटातील वस्तूंना बाजारात फारसे मोल आले असते असे नाही. एका खोक्यावर शाई सांडलेली होती, एका यंत्राचे झाकण उडालेले होते. तथापि प्रत्येकीमागे एखादे माणूस उभे होते, आणि काका ते माणूस पाहूनच ती वस्तू पुसत. सर्वांत वरच्या फळीवर, चष्मा पुसायच्या मऊ कापडात गुंडाळलेली, एक निळी कॅसेट होती. ती त्यांच्या धाकट्या भावाची.

धाकटा तरुणपणीच आजारपणात गेला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो हाच एक खेळ खेळत असे. बेटांमागून बेटे असलेला एक समुद्र; त्यात एक लहानसा नाविक होडी हाकीत फिरतो, बिया गोळा करतो, ओसाड बेटांवर झाडे लावतो. थकला की एखाद्या झोपडीत जाऊन निजतो, आणि तो निजला की खेळ आपल्या स्मरणात सारे साठवून ठेवतो. शेवटच्या दिवशीही धाकट्याने नाविकाला निजवले आणि मगच यंत्र बंद करायला सांगितले. त्यानंतर ती कॅसेट कोणी लावली नव्हती. काकांच्या लेखी तो नाविक अजून झोपडीत निजलेला होता, आणि तो निजलेला आहे तोवर घरातले काहीतरी संपायचे राहिलेले होते.

त्या दुपारी पुतणी आली ती चपला काढता काढताच बोलू लागली.

"काका, घरी आहात ना? का गेलात कुणाच्या यंत्राच्या मयताला?"

"ये. मयत नाही, बारसं आहे," काका टेबलावरून मान न उचलता म्हणाले. "एक मुकं यंत्र आत्ताच बोलायला लागलंय."

ती त्या धाकट्याचीच मुलगी. बाप गेला तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागलेली; आता दातांची डॉक्टर. दुसऱ्या शहरात तिने स्वतःचा दवाखाना थाटायचे ठरवले होते, आणि निरोपाच्या भेटी चालू होत्या. ती कपाटापुढे उभी राहिली, काचेला नाक लावून.

"काका, ह्या गेमच्या रिमोटच्या वायरीला हे काय झालंय? उंदीर लागला होता?"

"नीट बघ. तुझाच विषय आहे."

तिने डोळे बारीक केले. "वरचे दोन, खालचे दोन... दुधाचे दात. वर्षाच्या आतलं पोर असणार. कोण हा पेशंट?"

"तूच. वायर चालू असताना चावलीस. तुझ्या बापाने खेळ सोडून तुला उचललं आणि होडी खडकावर आपटली. दोन दिवस तो तुझ्याशी बोलत नव्हता."

"एवढ्याशा पोरीशी अबोला?"

"तू तरी कुठे बोलत होतीस त्याच्याशी?"

ती हसली, पण हसू ओसरल्यावर तिची नजर वरच्या फळीकडे गेली आणि तेथेच राहिली. ज्या गोष्टीसाठी ती आली होती, ती आता बोलणे भाग होते.

"काका, मला बाबांचा आवाज आठवत नाही. चालणं आठवत नाही. फोटो आहेत, पण फोटोत माणूस काही करत नसतो. त्या कॅसेटमध्ये त्यांनी लावलेली झाडं आहेत म्हणता ना? मला एकदा बघायची आहेत. जायच्या आधी."

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दुसरं काहीही माग. हे कपाट उचलून ने. ती नको."

"न्यायची नाही हो. बघायची आहे."

"तेच म्हणतो. जुनी वस्तू आहे. लावली आणि आत काही नसलं, तर?" त्यांचा आवाज खाली आला. "आज तो आत आहे असं मी म्हणू शकतो. उद्या तेवढंही म्हणता येणार नाही."

ज्या माणसाने आपल्याला बापाच्या जागी राहून वाढवले, त्याच्याशी वाद घालणे पुतणीच्या स्वभावात नव्हते. तिने नुसती मान हलवली, आणि समजूत पटल्यासारखे दाखवण्यासाठीच विचारले :

"बरं. ते साठवलेलं आत एका सेलवर टिकतं ना? मग बंद ठेवलंय म्हणजे सेल वापरला जात नसेल. तेवढं तरी बरंच आहे."

"उलट," काका म्हणाले.

हे वाक्य त्यांनी दुकानात आणि ह्या टेबलाशी इतक्यांदा उच्चारले होते की ते आता विचारावाचून जिभेवर येई. येणाऱ्या प्रत्येक शौकिनाला ते हेच समजावून सांगत. आताही ते त्याच लयीत बोलत गेले. "उलट असतं. कॅसेट यंत्रात लावून खेळत असताना तिला भिंतीतली वीज मिळते. सेल आरामात असतो. कपाटात ठेवली की स्मरणाचा सगळा भार एकट्या सेलवर. वापरल्याने झिजत नाही तो. पडून राहिल्यानेच..."

ते थांबले.

बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवीत गेले. पुतणीला सर्व कळले होते. पण तिने तसे दाखवले नाही. काका मात्र वरच्या फळीकडे पाहत राहिले. परक्यांच्या कॅसेटींविषयी जे त्यांना पुरते ठाऊक होते, ते ह्या एका कॅसेटीला त्यांनी कधी लागू होऊ दिले नव्हते. ह्या कॅसेटीत सेल नाही, भाऊ आहे, अशीच जणू त्यांच्या मनाने समजूत करून घेतली होती. आणि धूळ बसू नये म्हणून ज्या कापडात त्यांनी तिला गुंडाळले, त्याच कापडात ती वर्षानुवर्षे उपाशी निजली होती.

"स्टूल घे," ते शेवटी म्हणाले. "वर माझा हात पुरत नाही."

कॅसेट टेबलावर आली. आजवर तिचा एक स्क्रूसुद्धा हललेला नव्हता. शौकिनांच्या जगात अशा न उघडलेल्या वस्तूला फार मान असतो. काकांनी झाकण उघडले तेव्हा तो मान गेला, आणि त्यांना त्याचे काहीच वाटले नाही. आत तळहाताएवढ्या सर्किटच्या कोपऱ्यात तो गोल सेल होता. त्यांनी मीटरच्या सुया टेकवल्या. काटा तीन व्होल्टवर हवा होता. तो दोनाच्या जरासा वर येऊन थरथरू लागला.

"आहे का?" पुतणीने विचारले.

"धुगधुगी आहे. आत साठलेलं शाबूत आहे की नाही, हे काटा सांगत नाही. आणि ह्या दशेत यंत्राला लावून बघणं धोक्याचं. वीज चालू होताना एक हिसका बसतो. एवढासा सेल तो सोसेल, न सोसेल. आधी सेल बदलायचा."

"पण जुना काढला की..."

"काढला की सगळं गेलं. म्हणून काढायच्या आधी बाहेरून दुसरा सेल जोडायचा, दोन वायरींनी. एकाने ओझं धरलं की दुसऱ्याने हात सोडायचा." त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पसरला. बोटे वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. "इतरांच्या कॅसेटींना एवढं चालून जातं. चुकलं तर पुन्हा करता येतं. इथे नाही."

पुतणीने बाह्या वर सारल्या.

"सरका."

"अगं, हे दात काढण्यासारखं नाही."

"नाहीच. हा पेशंट ओरडत नाही, तोंड मिटत नाही आणि मध्येच थुंकायचंय म्हणत नाही. मी रोज ह्याहून अरुंद जागेत काम करते, काका. तुम्ही सांगा, मी करते."

काका खुर्चीवरून उठले. ह्या टेबलाशी त्यांच्या खुर्चीवर आजवर दुसरे कोणी बसले नव्हते, काकूसुद्धा नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या काकूंनी दारातच ते पाहिले आणि त्या जागीच उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही उभे आणि ती बसलेली? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"आज ऑपरेशन आहे. बोलू नकोस."

"बोलू नकोस म्हणे. मी तीस वर्षं बोलतेय ते तरी कुठे ऐकू आलंय!" असे पुटपुटत त्यांनी तांब्या ठेवला, पण उघडी निळी कॅसेट दिसताच त्यांचा चेहरा पालटला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

काकांनी सोल्डरिंगची सळई तापवून पुतणीच्या हातात दिली. टेकवायच्या क्षणी सळईचा प्लग काढायचा, म्हणजे भिंतीतली वीज आत शिरत नाही, हे त्यांनी तिला सांगितले. बाहेरच्या सेलच्या दोन वायरी तिने दोन बाजूंना डाख देऊन जोडल्या. काटा सावकाश वर चढला आणि तीनापाशी स्थिरावला.

"आता जुना. घाई नको. कथील पातळ झालं की तो आपण होऊन सुटेल. ओढायचा नाही."

तिने ओढला नाही. सेलचे दोन्ही पत्र्याचे पाय सुटले. म्हातारा सेल टेबलावर घरंगळला. सर्वांची नजर काट्यावर. तो हलला नाही.

पुतणीने नवा सेल चिमट्यात धरला, खाली आणला, आणि ती तो टेकवणार तोच काका ओरडले :

"थांब! उलटा आहे. वरची बाजू खाली."

तिचा हात जागच्या जागी थांबला. केसाएवढे अंतर उरले होते. दुसऱ्या कोणाचा हात दचकून सर्किटवर आपटला असता. हिचा नुसता थांबला.

"जुना तर असाच बसवला होता," ती हळूच म्हणाली.

"जुन्याचे पाय वळवलेले होते, नव्याचे सरळ आहेत. फसवतात ते. मीही पहिल्यांदा फसलो होतो."

तिने सेल उलटा केला, डाख देऊन बसवला, बाहेरच्या वायरी सोडवल्या. काटा तीनावरच राहिला. कोणीही आनंद व्यक्त केला नाही, कारण खरा निकाल अजून बाकी होता.

झाकण लावून कॅसेट टीव्हीला जोडलेल्या यंत्रात बसवली. बटण कोणी दाबायचे ह्यावर क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी काकूंनीच पुढे होऊन ते दाबले. "दिवसभर असेच बसणार होतात का?"

पडदा काळा झाला, निळा झाला, लाटांचा बारीक आवाज आला. मग साठवलेल्या खेळांची चौकट उघडली. खाली दोन जागा रिकाम्या. वरच्या जागेत एक नाव होते.

पुतणी पुढे वाकली. "दादा?" तिचा चेहरा पडला. "हा तुमचा खेळ आहे, काका. बाबांचा पुसला गेला."

काका पडद्याजवळ सरकले.

"त्याचाच आहे हा. मी ह्यात कधी खेळलोच नाही." त्यांनी चष्मा काढला, तसाच पुन्हा लावला. "तो माझ्या नावाने खेळायचा. लहानपणापासून, प्रत्येक खेळात. खेळातला गडी मेला की घरभर ओरडत सुटायचा, 'दादा मेला, दादा मेला!' आई चप्पल घेऊन मागे धावायची. मी विचारलं होतं एकदा, माझंच नाव का? तर म्हणाला, तू काही सहजासहजी मरणारा नाहीस, म्हणून."

पुतणीने त्या नावावर बटण दाबले.

झोपडी दिसू लागली. एका कोपऱ्यात अंथरूण, अंथरुणावर इवलासा नाविक, श्वासागणिक वरखाली होणारा. खिडकीबाहेर झाडेच झाडे होती. इतकी, की समुद्र त्यांच्या फटींतूनच दिसे. मधली सरळ रेषेत होती, आणि कडेची वेडीवाकडी, जणू हात थकल्यावर लावलेली.

"उठवू?" तिने विचारले.

काकांना 'नको' म्हणायचे होते. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही. परंतु निजलेल्याला उठवू नये असे म्हणणाऱ्याने आधी तो निजलेला आहे की कोंडलेला, हे पाहायला हवे. आणि ते आज त्यांनी पाहिले होते.

"उठव," ते म्हणाले.

नाविक उठला. झाडांमधून चालत तो किनाऱ्यावर आला, आणि खेळ कधीच न खेळलेल्या त्या दातांच्या डॉक्टरने होडी शेजारी असताना त्याला सरळ समुद्रात घातले. दोन बुडबुडे आले, आणि पडदा काळा झाला.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या.

"दादा मेला," पुतणी अपराधी चेहऱ्याने म्हणाली.

आणि काका हसू लागले. पोट धरून, टेबलाला टेकून, डोळ्यांतले पाणी तसेच वाहू देत ते हसत राहिले. तोवर पडद्यावर पुन्हा झोपडी उजळली होती, आणि नाविक अंथरुणात उठून बसला होता, ठणठणीत.

निघताना काकांनी कॅसेट काढून तिच्या हातावर ठेवली. "घेऊन जा. तुझ्या बापाची आहे."

तिने ती उलटून पालटून पाहिली, आणि परत यंत्रात बसवली.

"इथेच राहू दे. माझ्याकडे नेली तर मीही कपाटातच ठेवेन. तुम्ही रोज संध्याकाळी एक झाड लावा. मी आले की मोजून घेईन, सांगून ठेवते."

"आणि ह्यांनी बुडवला तर?" काकूंनी विचारले.

"तर फोन करून सांगा. मी तिकडून ओरडेन."

ती गेली. काका खुर्चीवर परत बसले, आणि कापणाऱ्या बोटांनी नाविकाला सावकाश होडीत बसवू लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा तो बसला.

जे गेले त्यांची झाडे हिरवी राहोत. जे मागे उरले त्यांच्या मुठी वेळीच उघडोत, आणि त्यांच्या कापऱ्या हातांना जवळच कोणाचा तरी स्थिर हात लाभो.