पानावर चाखायचं

वहिनीने व्हिनेगरची बाटली मोरीत उपडी केली, दोनदा विसळली आणि नळाच्या पाण्याने भरली. पांढरं व्हिनेगर दिसायला पाण्यासारखंच. बूच लावून, लेबल पुढे करून, तिने बाटली होती तिथे ठेवून दिली. पुढच्या खोलीत नणंद टेबलं पुसत होती. तिचं फडकं थांबलं की वहिनीचा हातही थांबत होता.

"अगं, बीट उकडलं का?"

"सोलतेय, वन्सं."

बीट केव्हाच सोलून झालं होतं. वहिनीचे हात मनगटापर्यंत लाल होते. रंगेहाथ म्हणतात ते असेच असावेत, असं तिला वाटून गेलं.

दोघींचं दुकान कचेऱ्यांच्या गल्लीत होतं. दुपारी लोक तिथे वाडगाभर भाज्या खायला येत. हंगामात जे कोवळं मिळेल ते. चिरलेलं, उकडलेलं, कधी नुसतंच किसलेलं. चिरणं-सोलणं वहिनीकडे. वरचं ड्रेसिंग मात्र नणंदेचं. तेल, व्हिनेगर, मीठ आणि वाटलेली मोहरी बरणीत घालून, झाकण लावून, ती बरणी कानाशी धरून हलवायची. "चमच्यानं चाखायचं नाही. ज्या पानावर घालायचं, त्या पानावरच चाखायचं," हा तिचा दुकानातला एकमेव कायदा.

मग आजारपण आलं. औषधांनी तिचे केस नेले, बोटांची टोकं फुटली आणि तोंडाची चव गेली. उपचार संपले, बाजारात काकड्या आल्या, तेव्हा चव परत आली. त्या दिवशी वहिनीने केलेलं ड्रेसिंग चाखून नणंदेने तिचा असा उद्धार केला की वहिनी मोरीशी जाऊन आनंदाने रडली. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "पुन्हा चव गेली, अन्न नको झालं, तर वाट बघू नका."

नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "ताई जेवते का नीट?"

"तुमच्यापेक्षा जास्त जेवतात," वहिनी म्हणायची. हल्ली हे ती त्याच्याकडे न बघता म्हणत होती. नणंदेचं ताट रिकामं व्हायचं खरं, पण ती जेवायची कशी, तर पोस्टात पत्रं टाकावीत तशी.

काल कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने वाडगा अर्धाच खाऊन ठेवला होता.

"ताई, दात आंबले हो. आणि दात कुठले, कवळी आंबली."

"मग उद्या कवळी घरी ठेवून या," नणंद म्हणाली होती, आणि हसून झाल्यावर आत येऊन स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली होती.

आता तिने बरणी हलवली, कोबीचं आतलं पान तोडलं आणि नेहमीसारखं बोटांसकट बुडवलं. डोळे मिटून चावलं. बराच वेळ चावलं.

"झालंय," ती म्हणाली. "जरा आंबट आहे. पण बीट गोड असतं, सांभाळून घेईल."

वहिनी चकत्या करत राहिली. एक जाड, एक पातळ.

"तूही बघ की चाखून."

वहिनीने पान बुडवून तोंडात टाकलं. तेल, मीठ, मोहरी, पाणी.

"आहे खरं आंबट," ती म्हणाली. "पण छान झालंय."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं आणि ओलं बोट पुढे केलं. टोकाशी ताजी चीर होती, सरळ, सुरीची.

"हे कधी लागलं?"

"लागलं नाही. मी मारून घेतली, सकाळी. तुझ्या त्या मलमानं भेगा भरल्या ना, तेव्हापासून व्हिनेगर झोंबायचंच थांबलं. मी आपली ओततेय, ओततेय. बिचाऱ्याच्या कवळीवर संकट आणलं."

वहिनीच्या हातातली सुरी फळीवर टेकली. जिभेला चव नव्हतीच. चव भेगांना होती.

"आज नुसतं गार लागलं," नणंद म्हणाली. "काय भरलंस बाटलीत? नळाचं?"

वहिनीने मान डोलावली.

"निदान माठातलं तरी भरायचंस."

"कधीपासून, वन्सं?"

"कणसं संपली तेव्हापासून."

कणसं संपून फरसबी आली होती, फरसबीनंतर मुळे, आता बीट. त्या सगळ्यावर रोज ताजं ड्रेसिंग पडलं होतं.

"आणि मला मलम लावू दिलंत?"

"तुला लावायचं होतं ना."

वहिनीने पदराने नाक पुसलं. पदर लाल झाला.

"यांना काय सांगू?"

"त्याला मी सांगते संध्याकाळी. उद्या दुकान बंद ठेवू, जाऊन येऊ. आधी आजची दुपार निभावून ने. खरी बाटली काढ."

वहिनीने कपाटातली नवी बाटली काढली. नणंदेने बूच उघडलं आणि चीर पडलेलं बोट बाटलीच्या तोंडाशी धरून ती किंचित कलती केली.

"आई गं!" तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि मग, कितीतरी दिवसांनी, खूश दिसला. "हं. हे व्हिनेगर."

बाहेर खुर्ची सरकली. चष्मेवाला खिडकीतून डोकावला.

"काय ताई, आज वाचतोय का मी?"

"ते आता हिला विचारायचं," नणंद म्हणाली, आणि बरणीत खरं व्हिनेगर घालून, हलवून ती वहिनीपुढे सरकवली.

वहिनीने कोबीचं पान घेतलं आणि बोटांसकट बुडवलं. तिच्या धडधाकट बोटांना काहीच झोंबलं नाही.