महाराजांनी ओळखलेलं वय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मनकवडे महाराज म्हणत होते, "आजाऱ्याचं वय मनात धरा. मला सांगू नका. दुप्पट करा. सहा हा शुभांक त्यात मिळवा. पंचतत्त्वांनी, म्हणजे पाचाने गुणा." भक्ताने उत्तर सांगायचा अवकाश, महाराज डोळे मिटून वय सांगत आणि लोक हात जोडत.

कपडे शिवून देणाऱ्या एका बाईने परवा आजारी लेकीला आणून 'एकशे सत्तर' म्हटलं होतं. "चौदा वर्षांची पोर," महाराज म्हणाले, आणि तिने त्यांचे पाय धरले. ज्याला न सांगता वय कळतं, त्याला आजार कळणारच, असं तिला वाटलं. हा मधुमेह नव्हे, सुया बंद करा, असं त्यांनी बजावलं. तिने लेकीचं इन्सुलिन बंद केलं.

आज लेक तिच्या खांद्यावर कलंडली होती. सारखं पाणी मागत होती, उलट्या होत होत्या, श्वास खोल आणि भरभर चालला होता. तरी बाई रांगेतून हलेना. तिची धाकटी बहीण शाळेत गणित शिकवायची. ती शोधत तिथे आली, तेव्हा महाराजांचं तेच 'दुप्पट करा, सहा मिळवा, पाचाने गुणा' चाललं होतं.

"ताई, उठ. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"त्यांनी वय ओळखलं गं. मी फक्त एकशे सत्तर म्हटलं, वय तोंडातून काढलंही नव्हतं."

"एकशे सत्तर काढलंस ना? मग उरलं काय? वय म्हणजे क्ष धर. दुप्पट, अधिक सहा, गुणिले पाच, बरोबर एकशे सत्तर. आता क्ष काढ."

ताईला काही उमगेना.

"चुकलेला फ्रॉक कुठून उसवतेस?"

"शेवटची टीप आधी."

"मग शेवटी काय केलंस?"

पाचाने गुणलं होतं. म्हणून ताईने पाचाने भागलं: चौतीस. सहा काढले: अठ्ठावीस. निम्मे, चौदा. हे उत्तर यायला नको होतं तिला. तेवढ्यात पुढचा माणूस म्हणाला, "चारशे ऐंशी." शहाण्णव, नव्वद... "पंचेचाळीस," ती पुटपुटली. क्षणभराने महाराजही तेच म्हणाले.

तिचा नंबर आला. तिने विचारलं, "हिच्या रक्तात साखर किती, सांगा."

"आई, शंका घेतलीत तर पोर हातची जाईल."

"आकडा मीच दिला पाहिजे होय?"

तिने लेकीला उचललं. दाराशी वळून ती सगळ्यांना म्हणाली, "पाचाने भागा, सहा वजा करा, निम्मे करा. तुम्हालाही येईल. औषधं बंद करू नका." दोघातिघांनी बोटांवर मोजून पाहिलं. बाकीचे रांगेत पुढे सरकले.

दवाखान्यात साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली होती. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. वाचेल का, या प्रश्नावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "फार उशीर केलात. बघू." बाई लेकीचा हात धरून बसली. तो हात अजून तिचा हात धरत नव्हता.

आपण सांगितलेल्या उत्तरातून वय निघतं, कारण ते आपणच त्यात घातलेलं असतं. जे आपल्यालाही ठाऊक नाही, ते हा माणूस सांगतो का, एवढं विचारावं. आणि ते सुई बंद करण्याआधी विचारावं.