तुटक रेघ माझी आहे

खडू आणू नका, मी शाळेतला फळा नव्हे. लष्कराच्या नियंत्रण कक्षातला नकाशाचा फळा बोलतोय. पाठीला प्लायवूड, पोटावर नकाशा आणि त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक. छावणीतल्याच सुतारानं मला घडवलं. एक कोपरा त्यानं तिरका कापला, तो आजही तिरकाच आहे. तरी एकवीस वर्षं त्या खोलीत येणारा प्रत्येक साहेब टोपी काढायच्या आधी माझ्याकडे बघायचा.

माझा माणूस म्हणजे हवालदार. कानाला वायरलेस, हातात मेणाची निळी पेन्सिल. एखाद्या तुकडीनं आपला ठावठिकाणा कळवला की तो माझ्यावर तिथपर्यंत आधी तुटक रेघ काढायचा. मग म्हणायचा, "परत सांग." दुसऱ्यांदा तेच ऐकलं की रेघ भरून सलग करायचा. एकदा एक नवा साहेब वैतागला, "अहो, किती वेळा विचारता?" हवालदार म्हणाला, "साहेब, एकदा ऐकली ती वार्ता. दोनदा ऐकली की माहिती." रोज संध्याकाळी तो स्पिरिटच्या बोळ्यानं मला पुसायचा, तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. कुणाला सांगू नका.

मग सैन्याचं आधुनिकीकरण आलं. एका कंपनीशी करार झाला आणि माझ्या समोरच्या भिंतीवर ती आली. स्क्रीन! सवत बायकांच्याच नशिबी असते असं मला वाटायचं, फळ्याच्याही असते. प्रत्येक जवानाच्या दंडावर एक यंत्र, वर ड्रोन, सगळे एकमेकांशी जोडलेले, आणि सगळ्यांची खबर हिला आपोआप. ना पेन्सिल, ना बोळा. साहेब लोक चहाचे कप घेऊन तिच्यापुढे उभे राहू लागले. माझ्या खिळ्याला कुणीतरी छत्री अडकवली. माझा नुसता जळफळाट झाला.

तेही सोसलं असतं. पण कंपनीची चष्मेवाली इंजिनिअर हवालदाराशेजारी खुर्ची ओढून बसली, ती तीन आठवडे.

"काका, ही रेघ तुटक का?"

"ऐकलंय, पण खात्री नाही म्हणून."

"मग किती वेळ तुटक ठेवता?"

"खात्री होईपर्यंत. पोरी, रेघेच्या टोकाला माणसं असतात."

ती सगळं लिहून घ्यायची. आणि हा बाबा घरचं गुपित शेजारणीला सांगावं तसा सांगत बसायचा. चौथ्या आठवड्यात स्क्रीनवर तुटक रेघा दिसू लागल्या. एखाद्या यंत्राची खबर येईनाशी झाली की रेघ आपोआप तुटक. माझी रेघ! चोरटी कुठली.

हळूहळू हवालदाराच्याही पोटात दुखू लागलं. कर्नलसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, मोठ्या सरावात फळा आणि स्क्रीन समोरासमोर राहतील. स्क्रीन खरी ठरली तर फळा खाली उतरेल आणि हवालदाराची बदली गोदामात होईल.

सरावाच्या सकाळी उखळी तोफा ओढ्याकाठावर खऱ्या गोळ्यांचा मारा करणार होत्या. त्याआधी आठ जणांची एक गस्ती तुकडी ओढा ओलांडून टेकडीवर पोचायची होती. वायरलेस खरखरला. "ओढा... टेकडीवर..." आणि आवाज तुटला. हवालदारानं समोर पाहिलं. स्क्रीनवर तुकडी अजून ओढ्यातच होती आणि तिची रेघ तुटक होती. त्यानं पेन्सिल उचलली आणि माझ्यावर थेट टेकडीपर्यंत भरीव रेघ ओढली.

"परत सांग" झालं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण रेघ अशी ठसठशीत होती की माझी छाती फुगली.

"फळा काय म्हणतो?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"टेकडीवर पोचलेत, साहेब."

"आणि स्क्रीन?"

चष्मेवाली म्हणाली, "माहीत नाही, सर. वीस मिनिटं खबर नाही, म्हणून तुटक आहे."

मागचा एक साहेब हसला. "एवढी मोठी यंत्रणा, आणि म्हणते माहीत नाही!" मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

कर्नलसाहेब हवालदाराकडे वळले. "दोनदा ऐकलंत?"

हो म्हण! मी आतल्या आत ओरडलो. ती आठ माणसं माझ्या ध्यानातही नव्हती. मला फक्त ती समोरची भिंतीवरून उतरलेली बघायची होती.

हवालदारानं पेन्सिल खाली ठेवली. "नाही, साहेब. एकदाच. चूक झाली माझी. मारा थांबवा."

तासाभरानं तुकडी सापडली, ओढ्यातच. एकाचा पाय मुरगळला होता आणि बाकीचे सात जण त्याला धरून बसले होते. खोलगट जागेत वायरलेसही मुका आणि दंडावरची यंत्रंही मुकी. टेकडीवर जाता येत नाही, एवढंच सांगायचं होतं त्यांना.

माझ्यावरची ती भरीव रेघ हवालदारानं बोळ्यानं नाही, बाहीनं खसाखसा पुसली. त्या दिवशी गुदगुल्या झाल्या नाहीत.

त्याला गोदामात धाडलं नाही. स्क्रीनपुढे बसणाऱ्या नव्या जवानांना तोच शिकवतो आता. मी मात्र बाहेरच्या बोळकांडीत आहे. माझ्या पोटावर पहाऱ्याच्या पाळ्यांचा कागद डकवलाय. दार उघडं राहिलं की ती दिसते. जळतो का? जळतोच. तिच्यावर धूळ बसली की मला अजून बरं वाटतं. पण तिच्यावरची एखादी रेघ तुटक होते आणि आतून हवालदाराचा आवाज येतो, "परत सांग." तेव्हा मला ते आठ जण आठवतात.

मला पुन्हा भिंतीवर टांगा असं म्हणत नाही. फक्त कुणी विचारलं, ही तुटक रेघ मुळात कुणाची, तर माझं नाव सांगा. आणि दोनदा सांगा.