घरजावयाचं पित्त

डॉक्टरांनी लाडक्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि विचारलं, "खाज केव्हापासून?"

"पौषापासून," ढवळू म्हणाला.

"रात्रीची की दिवसाची?"

"दिसाची. नेमकी कामाच्या वखताला."

"बाबा, पाठ याची आहे. यालाच बोलू द्या."

ढवळूला हे पटलं नाही. लाडक्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडाचं दूध काढायचं. त्याच्या भरवशावर राहिलं असतं तर इथंच संध्याकाळ झाली असती. जामसरहून पहाटे निघून तो या घरजावयाला संस्थानच्या दवाखान्यात घेऊन आला होता, ते काही हौसेनं नव्हे. लाडक्याच्या घरच्यांची देज, म्हणजे पोरीच्या बापाला द्यायचे पैसे, द्यायची ऐपत नव्हती. तेव्हा रिवाजाप्रमाणे पाच वर्षं सासऱ्याच्या घरी राबायचं आणि मग ढवळूच्या लेकीशी, चैतीशी लगीन, असं ठरलं होतं. तीन वर्षं सुरळीत गेली. आता राबासाठी, म्हणजे रोपाची जागा भाजायला, झाडांवर चढून डहाळ्या तोडायचे दिवस आले, ढवळूचा गुडघा तर झाडाकडे नुसतं बघूनच दुखायचा, आणि जावई बसला होता पाठ खाजवत. राब भाजला नाही तर भाताचं रोप काय आभाळातून पडणार होतं?

उपाय करून करून तो वैतागला होता. बिबा उतला असेल म्हणून आधी खोबरं चोळलं. मग भगताकडे नेलं. भगतानं सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, याच्या पोटात काहीतरी अडकलंय, ते बाहेर येईपर्यंत घरात सुकट शिजवू नका. महिनाभर सगळं घर कोरडी नागलीची भाकर गिळत होतं. रोग रेड्याला नि औषध पखालीला, अशातली गत. त्यात चैती रोज कसला कसला पाला वाटून लाडक्याच्या पाठीला लावायची, आणि बापाशी बोलणं तिनं टाकलंच होतं.

हे डॉक्टर तर भगतापेक्षा तऱ्हेवाईक निघाले. ते म्हणे पलटणीबरोबर चीनला जाऊन आले होते आणि तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्यानं त्यांना अशी नाडी धरायला शिकवली होती. तो वैद्य म्हणायचा, गिळलेला राग काळजात कोंडतो आणि कातडीवाटे वर येतो. विलायती पुस्तकांत त्याचा दोष मज्जातंतूंवर घातलाय, एवढाच फरक. ढवळूनं मान हलवली. चीन खोडाळ्याच्या अलीकडे की पलीकडे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण इतक्या लांब जाऊन माणूस एक धड मलम शिकून येत नाही, याची त्याला कमाल वाटली.

"तुम्ही जरा पडवीत बसा," डॉक्टर म्हणाले.

पडवीत बसून त्यानं ऊन वर चढताना पाहिलं. दिवस फुकट चालला होता. पुष्कळ वेळानं आतून हाक आली. लाडक्या पाठमोरा बसला होता आणि त्याची पाठ घासलेल्या ताटासारखी साफ होती. ढवळूचा दोन महिन्यांचा वैताग क्षणात उतरला. कसलं औषध दिलं, असं त्यानं विचारलं.

"काही नाही. पाणी दिलं आणि बसवून ठेवलं. आता याच्याशी रोजच्यासारखं बोला."

"बोलायचं काय त्यात? चल रे, ऊठ. आधी खालच्या अंगाच्या डहाळ्या घे, मंगळवारसारखा शेंड्याकडून सुरू होऊ नको. आणि कोयता रातीच घासून..."

लाडक्याच्या मानेखाली एक लाल गांध उठली. तिच्याखाली दुसरी. मग दोन्ही खांद्यांवर बोटाएवढ्या गांधी वर येऊ लागल्या. ढवळू बोलता बोलता थांबला. डॉक्टरांची तीन बोटं अजून मनगटावरच होती.

"पुडी देतो," ते ढवळूकडे न बघता म्हणाले. "खाज थोडी कमी होईल."

हात दाखवून अवलक्षण झालं होतं. परतीच्या वाटेवर ढवळू रागारागानं चालत राहिला. ज्याला पोरगी द्यायची, ज्याला पोटभर खाऊ घातलं, त्याच्या अंगाला आपला आवाज सोसत नाही? तीन वर्षांत एक शिवी दिली नव्हती. नुसतं काम सांगितलं होतं, तेही पोराच्या भल्याचं. पाठीमागून नखांची खरखर ऐकू येत होती. तो हळू झाला, लाडक्या जवळ आला, की ती वाढायची.

शिरपामाळाकडची वाट फुटते तिथं तो थांबला. त्या वाटेला लाडक्याच्या आईचा पाडा होता.

"माझा राग येतो तुना?"

लाडक्यानं खाजवणारा हात खाली घेतला. "मामा, काम माना येतं," तो म्हणाला. "तू सांगायच्या आधीपासून येतं."

तीन वर्षांत एवढं तो कधी बोलला नव्हता. मग मंगळवारी कुठं गेलं होतं ते येणं, हे ढवळूच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं दात आवळले.

"दोन वरसां राहिली ती सोडली," तो म्हणाला. "लगीन येत्या वैशाखात लावू. जा तुझ्या आयशीकडं."

लाडक्याला खरं वाटेना. त्यानं सासऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि निघाला. आधी हळू, मग झपाझप. त्याची घोंगडी ढवळूच्या घरी होती, कोयता होता. त्यानं काहीच मागितलं नाही. वळणापर्यंत त्याचा हात एकदाही पाठीकडे गेला नाही. ढवळू तोवर बघत उभा होता.

घरी पोचला तेव्हा दुपार नुकती कलत होती. चैती अंगणात भात कांडत होती. तिनं बापाच्या मागची रिकामी वाट पाहिली आणि मुसळ थांबवलं.

"तो कठं?" महिन्याभरात ती पहिल्यांदाच बोलत होती.

ही एकच पोर त्याला. ढवळू उंबऱ्यावर बसला, गुडघा चोळत राहिला.

"बरा झाला," तो म्हणाला. "त्याच्या आयशीकडं गेला. तू पण निघ. उजेड हाय तवर पोचशील."