वैशाखातली कुंची

बारशाच्या दिवशी सेलूत ऊन असं होतं, की कावळेही कामापुरतेच उडत होते. सिताराम सरांच्या लेकाला मात्र सासूबाईंनी विणलेला लोकरी स्वेटर चढला होता आणि त्यावर आत्यानं, म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीनं मालनबाईंनी, सोनपेठहून आणलेली अस्तराची मखमली कुंची. एकीचं घालून दुसरीचं ठेवलं असतं, तर पुढच्या सगळ्या दिवाळ्या अवघड झाल्या असत्या. बाळाला बाधेल म्हणून कूलर बंद.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. दोन कपड्यांमध्ये कोंडलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हे वाक्य ते दरवर्षी फळ्याकडे तोंड करून सांगत. आज ते लेकाकडे बघत गप्प होते. लेक लालबुंद होऊन रडत होता. बायकोनं, रेणुकानं, दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

शेवटी सर उठले. "भिजवलं वाटतं," म्हणत त्यांनी बाळाला आतल्या खोलीत नेलं, सगळे कपडे काढले आणि तांब्यातलं पाणी कुंचीवर अन् स्वेटरवर बेतानं, दोघींना सारखं, ओतलं.

"आत्याच्या कुंचीवर पहिली धार," मालनबाई बायकांत म्हणाल्या. "नशीब लागतंय त्याला."

सरांना स्वतःचं कौतुक वाटलं. ते बायकांचा चहा संपेपर्यंत टिकलं. गच्चीवरच्या उन्हात ओलं कापड किती लवकर वाळतं, हाही खरं तर त्यांच्याच विषयाचा भाग होता.

तव्यावरून उतरवल्यासारखी ती कुंची मालनबाईंनी पुन्हा बाळाला घातली. या खेपेला बाळ रडलं नाही. मान टाकून पडून राहिलं.

"बघा, कसं गप झालं," कुणीतरी म्हणालं.

सरांनी पुढं होऊन कुंचीचे बंद ओढले. एक तुटला. "अक्का, मघाशी पाणी मीच ओतलं होतं. पोराला उकडायलंय."

मालनबाईंनी बाळाच्या मानेवरचं घामोळं पाहिलं आणि कुंची बाजूला टाकली.

"मंग सांगायचं की रे. मलाबी वाटायलं होतं, लय गरम होत असंल. पर म्हणलं, बाप ह्याच गोष्टीचा मास्तर हाय. तो गप बसलाय, म्हंजी चालत असंल."

पदर ओला करून त्या बाळाचं अंग पुसू लागल्या. जरा वेळानं बाळानं बारीक सूर लावला आणि रेणुकानं त्याला छातीशी घेतलं.

सर कूलरचं बटण दाबायला गेले. बटण दाबलं, आणि तिथंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.