तीन पिढ्यांचा वाजणारा जबडा

सभागृहात दोनशे माणसं एका सुरात ‘आऽऽ’ करत होती. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, घसे तपासायचं शिबिर लागलंय. मंचावरून महाराज गरजत होते, “आणखी मोठा आ करा. पूर्वजांना बाहेर पडायला वाट द्या. लाजताय काय, दाढा दिसू देत.”

तिसऱ्या रांगेतल्या एका तरुण मुलीने आईच्या धाकाने जरा जास्तच मोठा आ केला. खट्‌ आवाज झाला आणि तोंड मिटेचना. पोरगी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. सोमवारी आवाजाची चाचणी, पास झाली की नोकरी कायम. आणि इथे तिला धड ‘आई’ म्हणता येईना.

महाराजांनी तिला लगेच मंचावर घेतलं. “हिच्या आईचा जबडा वाजतो का?”

“वाजतो ना,” आई खालून म्हणाली. “माझ्या आईचाही वाजायचा. ही माझी धाकटी बहीण, दातांची डॉक्टर आहे, तरी हिचाही वाजतो. म्हणून तर हिलाही ओढून आणलंय.”

“तीन पिढ्या,” महाराजांनी डोळे मिटले. “घराण्यात कुणीतरी खोटी शपथ घेतली आहे. हा शाप मी आत्ता सोडवतो. पण मग एक्केचाळीस दिवस मौन. एक शब्द बोललीस तर जबडा कायमचा गेला.”

लोकांच्या अंगावर काटा आला. मौन धरलं तर मुलीची सोमवारची चाचणी बुडाली. खोटी शपथ कुणी घेतली असेल? तिला एकेका मामाचा संशय येऊ लागला.

महाराज मंत्र पुटपुटत दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळत होते. एक वेढा, दोन वेढे, चांगले चार वेढे. मुलगी बघत राहिली. शाप चावतो की काय? आणि तिला आठवलं, मावशीच्या दवाखान्यात एका ड्रायव्हरचा जबडा जांभईने अडकला होता, तेव्हा तो बसवताना दातांखाली अंगठे सापडू नयेत म्हणून मावशीनेही असंच कापड गुंडाळलं होतं.

ती मंचावरून उडी मारून थेट मावशीपुढे जाऊन बसली आणि तिचा अंगठा धरून हलवू लागली.

मावशीने पर्समधून स्वच्छ रुमाल काढून अंगठ्यांना गुंडाळले.

“मंत्राशिवाय हात लावाल तर अनर्थ होईल,” महाराज ओरडले.

“मंत्र ना, घ्या की,” मावशी म्हणाली आणि अंगठे खालच्या दाढांवर ठेवून सुरू झाली, “दात दोन वेळा घासावेत. ब्रश तीन महिन्यांनी बदलावा. दर सहा महिन्यांनी...” दाढा खाली दाबल्या, जबडा मागे सरकवला, खट्‌, तोंड बंद. सभागृहात असा हशा पिकला की महाराजांचा आवाजच बुडाला.

“हा जबडा शिकलेल्या हातांनीच बसवायचा, घरी खेळ करायचा नाही,” मावशी म्हणाली. “सांध्याची खोबण उथळ, बंध सैल, मधली कूर्चेची, म्हणजे मऊ हाडासारखी, गादी सरकणारी. ती सरकली की जबडा वाजतो. ही ठेवण आमच्याकडे जनुकांतून आली आहे. हिचं नाक बघा, हुबेहूब आईचं. ते काय शापाने आलं? दोनशे जणांना आ करायला लावलं की असा एखादा सैल सांधा अडकणारच. हे महाराज आधी अडकवतात आणि मग सोडवतात. पुन्हा अडकला की म्हणायला मोकळे, तू मौन मोडलंस.”

“मग मी बोलू ना?” मुलीने हळूच विचारलं.

“बोल की. आठवडाभर मऊ खा आणि जांभई देताना हनुवटीखाली हात धर. जनुकं बदलता येत नाहीत, जपणूक करता येते.”

महाराज मागच्या दाराने सटकले. आई मात्र खुर्चीतून उठेना.

“मला चावताना दुखतं गं,” ती बहिणीला म्हणाली. “दहा वर्षं झाली. शाप समजून सोसत होते.”

“ताई, मी दोन गल्ल्या सोडून राहते ना. कूर्चा झिजत असणार तुझी. वेळेत आली असतीस तर इतकं सोसावं लागलं नसतं.”

मुलीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने मंचावरचा माईक उचलला.

“दुखण्याला शाप म्हणू नका,” ती म्हणाली. “हे कसं होतं, ते विचारा आणि डॉक्टरला दाखवा. माझ्या आईने विचारलं नाही, तिची दहा वर्षं दुखण्यात गेली.”